‘स्पेअर’ लिहिलेली डिस्क

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. गुरुवारी सकाळी काकांचा फोन आला तेव्हा माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानाचं शटर मी अर्धंच वर केलं होतं. २०१९ सालची गोष्ट.

“अरे, काल रात्रीपासून चेकडिस्क चाललंय. अकरा टक्क्यांवर अडकलंय. चालू राहू दे ना?”

“काका, पॉवरचं बटण दाबून धरा. पूर्ण बंद होईपर्यंत बोट काढू नका. आणि परत चालू करू नका, मी आलोच.”

शेवटच्या घटका मोजणाऱ्या हार्डडिस्कवर चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं अवजार, लावणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला पर्वती चढायला लावणं. ते नुसतं तपासत नाही, दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहीतही जातं. हे काकांना मी कधी सांगितलं होतं का? बहुतेक नाहीच.

काका नारायण पेठेत डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं जुळवायचं काम, करतात. हात टाइपरायटरवर बसलेला, त्यामुळे कीबोर्डही त्याच जुळणीचा. पानं मांडायचं पेजमेकर ७, मराठी फॉन्टची श्रीलिपी आणि तिचं डोंगल (ते लावल्याशिवाय ती चालत नाही), हे सगळं २०१२ साली घेतलेल्या एका लॅपटॉपवर, विंडोज सेव्हनमध्ये. नेट जोडलेलं नाही. ‘नवीन मशीन घ्या की’ हे सांगणारे त्यांना खूप भेटतात, मीही एकदा सांगून पाहिलं होतं. पण वीसेक वर्षांच्या फाइली युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. दुसऱ्या मशीनवर उघडल्या तर ‘ज्ञानेश्वर’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. सेटअपच्या सीडींपैकी निम्म्या कुठे गेल्या कोणालाच माहीत नाही. अशा माणसासाठी नुसत्या फाइलींचा बॅकअप पुरत नाही. अख्खं मशीन जसंच्या तसं उभं राहायला हवं.

आणि त्याची सोय होती. म्हणूनच मी पेरूगेटवरून नारायण पेठेत तसा निवांत गेलो. वाटेत चहासुद्धा घेतला.

काकांचा चेहरा मात्र उतरला होता. एक दिवाळी अंक छापायला गेला होता, दुसरा, २०८ पानांचा, सोमवारी प्रेसला द्यायचा होता. दिवाळी २७ तारखेला. लॅपटॉपच्या झाकणावर खंडेनवमीचं हळदकुंकू तसंच होतं आणि बिजागरीत झेंडूची एक पाकळी अडकलेली.

“काका, ती स्पेअर डिस्क काढा.”

गोदरेजच्या कपाटातून, साड्यांच्या खालून, काकूंनी ती काढून दिली. प्लास्टिकच्या पिशवीत, वर माझ्या अक्षरात लेबल: ‘स्पेअर, सप्टेंबर २०१८’. वर्षापूर्वी मीच क्लोन, म्हणजे मूळ डिस्कची जशीच्या तशी प्रत, करून दिलेली. मूळ डिस्क मेली की ही आत टाकायची, पाच मिनिटांत मशीन चालू, असं छाती ठोकून सांगितलेलं. वर्षभरातलं काम तिच्यात नसणार, पण मशीन तर उभं राहील, मग जुन्या डिस्कवरचा अंक सावकाश काढता येईल.

चार स्क्रू, कॅडी (डिस्क धरणारी चौकट) बाहेर, जुनी डिस्क काढली, स्पेअर बसवली, झाकण न लावताच बटण दाबलं. काळा पडदा. त्यावर पांढरी एक ओळ: ‘बूटएमजीआर इज मिसिंग’.

काकांनी चष्मा लावून ती वाचली. “म्हणजे काय रे?”

मला दोन सेकंदांत कळलं होतं म्हणजे काय. कोऱ्या डिस्कवर विंडोज सेव्हन बसवलं की ते सुरुवातीला १०० एमबीचा एक छोटा भाग स्वतःसाठी काढून ठेवतं, ‘सिस्टिम रिझर्व्हड’ नावाचा. त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं, त्यामुळे माय कॉम्प्युटरमध्ये तो दिसतही नाही. पण मशीन सुरू करणाऱ्या फाइली तिथेच असतात. वर्षापूर्वी मी घाईत फक्त सी ड्राइव्हवर टिक केली होती. काकांचं विंडोज, फॉन्ट, पेजमेकर, सगळं त्या डिस्कवर होतं. ते सुरू करणारं काही नव्हतं. आणि मी ती डिस्क एकदाही लॅपटॉपमध्ये घालून चालू करून पाहिली नव्हती. लेबल मात्र झोकात लावलं होतं.

‘काका, हीपण गेली’ असं म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता. डिस्का जातातच. जिभेवर आलंही होतं, खोटं कशाला बोलू. पण काकू चहाचा कप घेऊन समोर उभ्या होत्या, आणि मी खरं ते सांगून टाकलं.

काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “प्रूफ न वाचता छापायला दिलंस म्हण की.”

दोन्ही डिस्का घेऊन दुकानात आलो. आधी मरणारी. दुकानातल्या लिनक्सच्या मशीनला ती थेट साटा केबलने लावली आणि डीडीरेस्क्यू सुरू केलं. हे अवजार शहाणं आहे. आधी सोपं सोपं उचलून घेतं, डिस्क अडखळली की ती जागा सोडून पुढे जातं आणि कुठे काय राहिलं त्याचा नकाशा फाइलीत लिहून ठेवतं. त्यामुळे मधेच थांबवून डिस्कला पंख्याखाली गार करता येतं आणि पुन्हा तिथूनच पुढे जाता येतं. साध्या कॉपीला हे जमत नाही. ती पहिल्याच खड्ड्यात डोकं आपटत बसते. दुपारपर्यंत ९८ टक्के आलं. उरलेल्या दोन टक्क्यांनी रात्र खाल्ली.

दरम्यान एक विनोद झाला. दुकानातल्या पोराला म्हटलं, काकांसाठी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी चिपची डिस्क, घेऊन ये, आहे तेवढीच. तो ४८० जीबीची घेऊन आला. “पाचशे आणि चारशेऐंशी सारखंच की दादा.” सारखं नाही. ५०० जीबीच्या डिस्कवर ९७,६७,७३,१६८ सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे कप्पे, असतात, ४८० वाल्यावर ९३,७७,०३,०८८. सेक्टरला सेक्टर क्लोन केला तर शेवटचा वीस जीबी बाहेर लोंबकळतो. काकांच्या डिस्कवर जेमतेम १३० जीबी वापरात होते म्हणून सी ड्राइव्ह आखडून घेता आला, नाहीतर पोराला परत पाठवावं लागलं असतं. त्याला ओरडायची त्या दिवशी माझी प्राज्ञा नव्हती.

शुक्रवारी सकाळी हिशोब लागला. ५०० जीबीपैकी साधारण साडेतीन एमबी वाचता आलं नव्हतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण साडेतीन एमबी कुठले, हा प्रश्न असतो. त्यावर एक युक्ती आहे: न वाचलेल्या जागांवर डीडीरेस्क्यूकडून एक खुणेचा शब्द भरून घ्यायचा आणि मग तो शब्द कोणकोणत्या फाइलींत सापडतो ते शोधायचं. माझ्याकडे विंडोजच्याच दहा-बारा फाइली निघाल्या, म्हणजे ही प्रत उभी राहिली असती तरी लंगडत. आणि दिवाळी अंकाच्या फोल्डरमधली एक. पेजमेकरची, बारा पानांची, कवितांचा विभाग.

मग उलटा डाव टाकला. यंत्रणा गेल्या वर्षीच्या स्पेअरमधून घ्यायची आणि काम या डिस्कमधून. स्पेअर पुन्हा काकांच्या लॅपटॉपमध्ये घातली, विंडोज सेव्हनची डीव्हीडी लावून तिचा सी विभाग ॲक्टिव्ह केला, म्हणजे मशीनने इथून सुरू व्हायचं अशी खूण केली, आणि बूटच्या, म्हणजे सुरू करणाऱ्या, फाइली त्यातच नव्याने लिहिल्या. वीस मिनिटांचं काम. वर्षापूर्वी चालू करून पाहिली असती तर तेव्हाच केलं असतं. पडद्यावर काकांचा विठोबाचा वॉलपेपर आला तेव्हा पोरगा टाळ्या वाजवायला लागला. मी त्याला शटरजवळचा झाडू मारायला सांगितलं.

स्पेअरवरून एसएसडी केली आणि वाचवलेलं काम तिच्यात टाकलं. क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्का एकाच मशीनला लावून पहिल्यांदा चालू करायच्या नाहीत हे पोराला तीनदा बजावलं. दोघींची सही, म्हणजे डिस्कवर लिहिलेला ओळखक्रमांक, सारखीच असते, विंडोज गोंधळतं आणि कुठली आपली हे भलतंच ठरवून बसतं. तेव्हा बरेचसे मॅकवाले या बाबतीत नशीबवान होते. क्लोन यूएसबीला लावायचा, ऑप्शनचं बटण दाबून चालू करायचं, झाली परीक्षा. विंडोज सेव्हनला यूएसबीवरून उठवायला गेलात तर निळा पडदा आणि त्यावर शेवटी ७बी हा चुकीचा क्रमांक. तिथे स्क्रू उघडण्याला पर्याय नाही.

शनिवारी एसएसडी बसवून लॅपटॉप काकांकडे नेला. ती सात मिलिमीटर जाडीची, जुनी साडेनऊची, म्हणून कॅडीत प्लास्टिकची पट्टी घालावी लागली. डोंगल लावलं, श्रीलिपी उघडली, जोडाक्षरं जागच्या जागी. कवितांच्या बारा पानांचं मी भीतभीत सांगितलं. काकांनी टेबलाखालच्या गठ्ठ्यातून दुसऱ्या प्रूफचे कागद काढले, लाल पेनाच्या खुणांसकट, आणि बसले ठोकायला. रात्री साडेअकराला फोन: “एका कवितेत ‘चांदणे’चं ‘चंदने’ राहिलं होतं बघ, दोन्ही प्रुफांत सुटलेलं. आत्ता सापडलं.”

रविवारी सकाळी मी पुन्हा गेलो, ताजा क्लोन करून. या वेळी डिस्कचे भाग (पार्टिशन) सगळे, आणि साध्या फिरत्या डिस्कवर, कारण वीज न मिळता कपाटात महिनोन् महिने पडून राहायला एसएसडी बरी नाही. एसएसडी काढली, स्पेअर घातली, काकांनाच बटण दाबायला सांगितलं. डेस्कटॉप यायला दीड मिनिट लागलं. काकांनी त्यावर एक फाइल उघडली, एक पान छापलं, आणि त्या पानाच्या कोपऱ्यात तारीख टाकून ते डिस्कच्या पिशवीत घातलं. लेबल त्यांनी मला लावू दिलं नाही. स्वतः लिहिलं: ‘चालू करून पाहिली, १३-१०-१९’.

अंक सोमवारी प्रेसला गेला. मी दुकानात येऊन जुनं रजिस्टर काढलं. काकांसारखे, फक्त सी ड्राइव्हवर टिक केलेले क्लोन किती जणांना दिले ते शोधत बसलो. अकरा निघाले. दुपारपासून एकेकाला फोन लावायला घेतले. काय सांगायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, तरी दर वेळी त-त-प-प होत होतं. दोघांनी नंबर बदललेले. एका वकिलीणबाईंनी मला चांगलंच झाडलं, आणि त्याच दिवशी डिस्क पाठवून दिली. शेवटचा फोन एका डॉक्टरांना.

“ती डिस्क होय,” ते म्हणाले. “ती मुलाने फॉरमॅट केली केव्हाच. सिनेमे ठेवायला. का हो, काही काम होतं का तिचं?”