वहिनीसाहेबांना एक विचारायचं होतं

संक्रांत ते रथसप्तमी हा आमच्या मालिकावाल्यांकडे सुपाऱ्यांचा, म्हणजे पैसे घेऊन कार्यक्रमांना हजेरी लावण्याचा हंगाम. गावोगावचे पुढारी हळदीकुंकू ठेवतात आणि बायकांची गर्दी व्हावी म्हणून मालिकेतला एखादा चेहरा बोलावतात. नायिका महाग पडते आणि तिला तारखाही नसतात, म्हणून त्या वर्षी साताऱ्याकडच्या एका गावाने आमच्या मालिकेतली खलनायिकाच मागवली. अट एकच, 'लुकमध्ये या.' त्यामुळे सोबत मी. मी मेकअप करते. (२०१४ पर्यंत बाईने फक्त केस करायचे, चेहऱ्याला हात पुरुषानेच लावायचा, असा आमच्या संघटनेचा खाक्या होता. सुप्रीम कोर्टाने तो मोडला.)

ताईंचा चेहरा मुळात गोल, हसरा. भुवईचं टोक पेन्सिलने कपाळाकडे ओढलं, गालांखाली गडद छटा दिली, काजळ डोळ्यांबाहेर नेलं आणि ठसठशीत नथ चढवली की 'वहिनीसाहेब' तयार. बाकीचं एडिटिंगवाले बघतात. एकाच नजरेचे तीन क्लोज आणि वर ढॅणकन संगीत. तेव्हा लोकांच्या शिव्यांमधला थोडा वाटा माझाही, असं मी धरून चालते.

त्या दिवशी तो वाटा लगेच मिळाला. ताई स्टेजवर कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या, समोर बायकांची रांग. एका आजींनी वाणाचा स्टीलचा डबा घेतला, तिळगूळही घेतला, आणि ताईंचा हात कपाळाशी आला तशी मान मागे घेतली. "हिच्या हातचं कुकू नगं. व्हय गं, त्या पोरीला किती छळशील?" मांडवात हशा पिकला, पण आजी हसत नव्हत्या. मागच्या दोघी-तिघींनीही मग कुंकू आपलं आपणच लावून घेतलं. आयोजकांचा चेहरा पडला. ताई मात्र खूश. आमच्याकडे याला पावती म्हणतात. सिनेमातले खलनायक निळूभाऊ फुले प्रत्यक्षात सेवा दलात घडलेले, अतिशय सभ्य गृहस्थ. तरी गावाकडच्या बायका त्यांना बघून पदर सावरायच्या, बोटं मोडायच्या.

आता यावरून शहरातली माणसं लगेच म्हणतात, प्रेक्षक बिचारे भोळे, त्यांना खरं-खोटं कळत नाही. मला हे कधीच पटलं नाही. टीव्हीवरच्या 'रामायण'मध्ये रावण झालेले अरविंद त्रिवेदी १९९१ साली साबरकांठ्यातून खासदार म्हणून निवडून आले. सीता पळवली म्हणून मतदारांनी त्यांना काही पाडलं नाही. बायकांना सगळं कळतं. सख्ख्या जावेला जे तोंडावर बोलता येत नाही ते वहिनीसाहेबांना बोलता येतं, एवढंच. पण त्या दिवशी जे पुढे झालं ते माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

कार्यक्रम उरकून आम्ही शाळेच्या एका वर्गात चहा घेत होतो. दारात एक बाई आल्या, चाळिशीच्या आसपास. सेल्फीसाठी असतील म्हणून मी उठले, तर हातात मोबाइलच नव्हता.

"वहिनीसाहेब, एक इचारायचं हुतं. तुम्ही जावेकडनं सही घेतली न्हवं का, त्या कागदात काय काय लिवलेलं असतंय?"

ताईंना आधी समजेना. बाईंनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं. वडील वारले. भाऊ म्हणतात, सोमवारी तालुक्याला ये, हक्कसोडपत्रावर सही कर, साडी-चोळी देतो. "तुमाला ह्यातलं सगळं ठावं असणार, म्हणून आले."

कागदात काय लिहिलेलं असतं? आमच्या त्या सीनमधला कागद म्हणजे जुन्या कॉल शीटची मागची बाजू होती. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. बाकड्यावर टेकलेल्या आमच्या ड्रायव्हरदादांना मात्र यातलं माहीत होतं, त्यांच्या बहिणीचं प्रकरण झालेलं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा भावाएवढाच. महाराष्ट्रात कायदा १९९४ला आला, देशभर २००५ला. हक्कसोड एकदा नोंदवलं की मागे घ्यायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. बाई ऐकत होत्या, पण नजर ताईंवर. दादांचं त्यांना पुरेसं वाटत नव्हतं. वहिनीसाहेबांनी सांगायला हवं होतं.

ताई नथ सावरत म्हणाल्या, आणि तो आवाज मालिकेतलाच होता, "मी आजवर जे जे लुबाडलं ना ताई, ते समोरच्याने न वाचता सही केली म्हणूनच मिळालं. सोमवारी जाऊ नका. आधी सातबारा काढा, वकिलाला दाखवा. भावांना म्हणा, वाचून सांगते."

"आन् ते चिडले तर?"

"चिडणारच. मी नाही चिडत का?"

बाई पहिल्यांदा हसल्या. जाताना वळून म्हणाल्या, "त्या पोरीला मात्र सोडा आता." पुढे त्यांनी काय केलं ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

पुढच्या आठवड्यात सेटवर सासऱ्यांची सही घेण्याचा सीन लागला. ताईंनी आर्ट डिपार्टमेंटच्या मुलाला हक्कसोडपत्राचा खरा नमुना आणायला लावला आणि शॉटमध्ये तो कॅमेऱ्यापुढे असा धरला की मजकूर वाचता यावा. दिग्दर्शक वैतागले, "लोकांनी तुझा चेहरा बघायचा की कागद?" दुसऱ्या टेकलाही ताईंनी तो तसाच धरला. लंच ब्रेक जवळ आला होता, शॉट ओके झाला.