बुलेट चेस बंद केल्यानंतरचं अपडेट, आणि चेसचं खरंच व्यसन लागतं का

मंडळी, आधी रिपोर्ट. बुलेट (एक मिनिटाचे डाव) पूर्ण बंद आहे, ब्लिट्झ (तीन-पाच मिनिटांचे) फक्त क्लबात समोरासमोर, आणि ऑनलाइन जे काय खेळायचं ते पंधरा मिनिटं प्लस दर चालीला दहा सेकंद वाढीव, म्हणजे रॅपिड. पावसाळ्याच्या तोंडावर हे सुरू केलं, आता दिवाळी आली. माझं रॅपिडचं रेटिंग (खेळ कितपत येतो ते दाखवणारा आकडा) बाराशेच्या आसपास घुटमळत होतं ते चौदाशेच्या वर जाऊन तिथे टिकलंय. ओपनिंगमध्ये, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींत, विशेष काही केलेलं नाही, तेच लंडन आणि तेच कारो-कान. सगळा फरक एंडगेममध्ये, म्हणजे थोड्याच सोंगट्या उरल्यावरच्या खेळात पडलाय, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते.

पण मागच्या अपडेटनंतर बऱ्याच जणांनी विचारलं की बुलेट सोडायची गरजच काय होती, चेसचं कधी व्यसन लागतं का, आपण तर मुलांना मुद्दाम क्लास लावतो. माझं मत विचाराल तर लागतं, नक्की लागतं. फक्त सगळ्या चेसचं सारखं लागत नाही. किती तास खेळता यापेक्षा कुठल्या घड्याळावर खेळता आणि हरल्यावर पहिली गोष्ट काय करता हे बघा, त्यात उत्तर सापडतं.

एक मिनिटाचा डाव संपतो तो क्षण आठवा. स्क्रीनवर निकाल, शेजारी रेटिंग किती घटलं-वाढलं त्याचा लाल किंवा हिरवा आकडा, आणि खाली रिमॅचचं बटण. हरलो तर हे पॉइंट वसूल करायचेत म्हणून दाबायचं, जिंकलो तर आज हात चाललाय म्हणून दाबायचं, म्हणजे थांबायचं कारण कुठल्याच बाजूने मिळत नाही. त्यात समोरचा खेळाडू आपल्याच रेटिंगचा शोधून दिलेला असतो, त्यामुळे साधारण अर्धे डाव आपण जिंकतो, अर्धे हरतो, आणि पुढचा कुठला निघेल हे कधीच कळत नाही. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरचे कबुतरांवरचे प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतील. दाणा ठराविक वेळा चोच मारल्यावर मिळत असेल तर कबूतर दाणा खाऊन जरा थांबतं, पण कितव्या वेळी मिळेल याचा नेमच नसेल तर ते चोच मारतच राहतं. स्लॉट मशीन याच तत्त्वावर चालतं. रेटिंगप्रमाणे जोडी लावणं ही पद्धत खेळ बरोबरीचा व्हावा म्हणून आहे आणि ती चांगलीच आहे, पण एक मिनिटाच्या घड्याळाशी तिची गाठ पडली की परिणाम तोच होतो.

रेटिंगचं गणित पण समजून घेण्यासारखं आहे. अर्पाद इलो यांची रेटिंग काढायची पद्धत फिडेने (चेसची जागतिक संघटना) १९७० मध्ये घेतली, ती हॉलमध्ये बसून खेळायच्या टुर्नामेंटसाठी होती जिथे दिवसाला एकदोन डाव व्हायचे. लिचेस, ही ऑनलाइन चेसची साइट, ग्लिको-२ वापरतं, मार्क ग्लिकमन यांची पद्धत. त्यात तुम्ही जितके नियमित खेळता तितका आकडा एका डावाने कमी हलतो, बरोबरीच्या खेळाडूशी साधारण पाच-सहा पॉइंट. म्हणजे रात्री अकराला थकलेल्या डोक्याने दहा डाव सलग गेले की पन्नास-साठ पॉइंट गेले, आणि ते भरून काढायला हरलेल्यापेक्षा दहा डाव जास्त जिंकावे लागतात, तेही त्याच थकलेल्या डोक्याने. ते त्या रात्री होत नाही. झोपणं हाच त्यावरचा चांगला डाव असतो पण आकडा लाल असताना झोप येत नाही, हे तुमच्यापैकी कित्येकांनी मला स्वतःहून लिहिलंय.

माझ्या बाबतीत खूण फरशीवर दिसायला लागली. स्वयंपाकघरात आमच्या पांढऱ्या-करड्या फरश्या आहेत, कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी असले की उंटाच्या तिरक्या रेघा दिसायच्या, घोडा कपाटापाशी असेल तर फ्रिजपर्यंत किती उड्यांत जाईल हे आपोआप मोजलं जायचं. हे एकवेळ ठीक, खेळ आवडतो तेव्हा डोक्यात फिरणारच. पण मुलगी काहीतरी सांगत होती आणि मधेच म्हणाली, "आई, तू हो म्हणतेस पण ऐकत नाहीयेस," तेव्हा माझा डाव चालू नव्हता, फोन पण हातात नव्हता, मी फक्त पुढचा डाव कधी लावता येईल याची वाट बघत होते. तिथे मला नाद आणि व्यसन यातला फरक कळला. कालचे डाव आठवायला लागले तर एकही आठवेना. भाजलेले शेंगदाणे खावेत तसे डाव संपत होते, एकाची चव दुसऱ्याला नाही.

डॉक्टरी बाजू थोडक्यात सांगते कारण तिथे घोळ घातला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, यादी मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात चेसचं वेगळं नाव नाही, डिजिटल आणि व्हिडिओ गेम असं म्हटलंय. तीन गोष्टी बघतात: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. हे साधारण वर्षभर दिसायला हवं आणि घर, नोकरी, अभ्यास यांचं खरोखर नुकसान व्हायला हवं. त्यामुळे सुट्टीत चार तास खेळणाऱ्या पोराला लगेच व्यसनी म्हणू नका प्लीज. आणि ज्याचं खरंच हाताबाहेर गेलंय त्याला नुसतं 'अ‍ॅप उडव' सांगून भागत नाही. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून याच विषयाचं शट क्लिनिक आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता कोणी म्हणेल की सगळा दोष मोबाईलचा, लाकडी पटावर असलं काही होत नाही. तसंही नाही. मार्सेल द्युशाँ, एवढा मोठा कलाकार, चित्रं जवळजवळ बाजूला ठेवून चेसमागे लागला, चेस ऑलिम्पियाडमध्ये फ्रान्सकडून खेळला, १९३२ मध्ये एंडगेमवर पुस्तक पण काढलं. १९२७ मध्ये लग्न झालं आणि मधुचंद्रात हा रात्रभर पट मांडून बसायचा म्हणून बायकोने सोंगट्या पटाला चिकटवून टाकल्या असं सांगतात. काही महिन्यांत घटस्फोट झाला. तिथे कुठलं अ‍ॅप होतं? मला तिच्याबद्दल वाईट वाटतं, त्या गोष्टीत लोक तिलाच हसतात ते पटत नाही.

आणि याच्या बरोबर उलट केरळातलं मरोट्टीचाल. त्रिशूर जिल्ह्यातलं हे गाव दारू आणि जुगारात बुडालेलं होतं, सी. उन्नीकृष्णन नावाच्या चहावाल्याने दुकानात पट मांडला, येईल त्याला शिकवलं, आणि बघता बघता गावभर लोक खेळायला लागले, दारू मागे पडली. तिथे खेळायला समोर माणूस लागतो, डाव संपला की चहा होतो, बोलणं होतं. मला वाटतं फरक तिथे आहे. समोर माणूस असला की तो उठतो, घरी जातो, आणि खेळ थांबतो.

तर आता माझ्या प्रगतीकडे. आमच्या सांगलीत रविवारी ज्या हॉलमध्ये बसतो तिथे एक निवृत्त काका आहेत, ते कधी घाई करत नाहीत आणि दुसऱ्याला करू देत नाहीत. त्यांच्याशी मागच्या आठवड्यातला डाव. माझ्या काळ्या सोंगट्या, राजा ई-८ वर, हत्ती बी-६ वर (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे ओळ). त्यांचा राजा डी-५, प्यादं ई-५, हत्ती ए-७, बाकी पट रिकामा. बुलेटमध्ये मी इथे लगेच शह देत सुटायचे, हत्ती सहाव्या ओळीवरून हलायचा, समोरच्याचा राजा वर घुसायचा आणि डाव जायचा. या वेळी हत्ती सहाव्या ओळीवरच ठेवला, तिथेच डावीउजवीकडे सरकवत राहिले, त्यांच्या राजाला वर यायला वाट नाही. मला उगाच हात हलवताना बघून काका म्हणाले, "अगं बस की निवांत, पट कुठं पळून चाललाय?" शेवटी त्यांनी प्यादं ई-६ ला ढकललं. मग माझा हत्ती थेट बी-१. आता प्याद्याने सहाव्या ओळीतलं घर व्यापल्यामुळे त्यांच्या राजाला आडोसाच उरला नाही, डी-६ ला आला की डी-१ वरून शह, ई-५ ला गेला की ई-१ वरून शह. बरोबरी. बरोबरी साधायची ही रीत म्हणजे फिलिडोर पोझिशन, अठराव्या शतकातली, वाचून कितीदा झाली होती पण पटावर आली तेव्हा वापरता आली कारण विचार करायला वेळ होता. घरी येऊन तो अख्खा डाव नोटेशन (चालींची लेखी नोंद) न बघता वहीत उतरवला.

जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा चेस वर्ल्ड कप जिंकली, एकोणीस वर्षांची, आणि भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून आईवडील क्लासबद्दल फार विचारतात. आमची सांगली भाग्यश्री साठे आणि स्वाती घाटे या चेसपटूंची, त्यामुळे मला आनंदच आहे. क्लास लावा. फक्त पोरगं फोनवर बुलेट खेळतंय आणि चेसच आहे म्हणून आपण निर्धास्त आहोत, हे करू नका. त्याला म्हणा, आत्ता खेळलास तो डाव मला दाखव. दाखवता आला तर खेळू दे.

सेटिंग ज्यांनी विचारली त्यांच्यासाठी: लिचेसवर प्रेफरन्सेसमध्ये रेटिंग दिसणं बंद करता येतं, आणि झेन मोड आहे ज्यात पट आणि घड्याळ सोडून जवळजवळ सगळं लपतं. मी दोन्ही लावलंय. हरल्यावर डाव आधी स्वतः बघते, इंजिन (चुका दाखवणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) नंतर, आणि ते झाल्याशिवाय दुसरा लावत नाही. रात्री जेवणानंतर अजिबात नाही.

आता हत्तीच्या एंडगेममध्येच पुढे जायचंय. तिथल्या नावाजलेल्या पोझिशनपैकी लुसेना पक्की झालीय, व्हानकुरा अजून डळमळते, ए-पट्टीवरचं प्यादं आलं की हत्तीने बाजूने कुठून शह द्यायचा यात गोंधळ होतो. कोणाकडे सरावासाठी चांगल्या पोझिशन असतील तर पाठवा, दिवाळीच्या सुट्टीत काकांबरोबर बसून त्याच करणार आहे.