घंटेचा आवाज पोचला नाही, तेव्हा

पडद्यावर त्यांचा हात खाली आला, लाकडी हातोडी पितळी घंटेवर पडलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली, पण आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा ठोका दिला. पुन्हा शांतता. २४ चौकटींमध्ये २४ चेहरे कान देऊन बसलेले. झूमने घंटा म्हणजे मागचा गोंगाट असं समजून तो आवाज गाळून टाकला होता, हे आम्हाला खूप नंतर कळलं. त्या दिवशी त्यांनी घंटा हळूच बाजूला ठेवली आणि सभा सुरू झाली.

एप्रिल २०२० मधली ही आमच्या रोटरी क्लबची पहिली ऑनलाइन सभा. मी तेव्हा क्लबची सेक्रेटरी होते. देश सोडून सहा वर्षं झाली होती, क्लबात येऊन तीन.

परदेशात माणसं जोडायची कशी, हा प्रश्न इथे आलेल्या प्रत्येकाला पडतो. ऑफिसातले सहकारी प्रेमळ, पण संध्याकाळी पाच वाजले की ज्याचं घर त्याला. शेजारी हात हलवतात आणि दार लावून घेतात. मला क्लबात पहिल्यांदा नेलं तेव्हा कुणी भाषण ऐकवलं नाही, थेट हातात ब्रश दिला. बागेतली बाकडी रंगवायची होती. दुपारपर्यंत मला चार जणांची नावं पाठ झाली होती आणि बागेची किल्ली कुणाकडे असते हेही कळलं होतं. पुढे वाचलं, की रोटरी सुरू करणारे पॉल हॅरिस हेही शिकागोत बाहेरूनच आलेले, एका लहान गावात वाढलेले आणि त्या मोठ्या शहरात एकटे पडलेले वकील होते. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी तीन ओळखीच्या व्यावसायिकांना एकत्र आणलं. सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत व्हायची, त्यावरून ‘रोटरी’ हे नाव पडलं. वाचताना तो माणूस मला फार जवळचा वाटला.

घंटावाल्या सभासदांना मी इथे आजोबा म्हणते. क्लबात मात्र लहानथोर सगळे त्यांना नुसत्या नावाने हाक मारतात. वयाची ऐंशी ओलांडलेल्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ वर्षभर वळत नव्हती. ते आमचे सार्जंट-ॲट-आर्म्स. म्हणजे सभेआधी पाऊण तास येऊन खुर्च्या मांडायच्या, बॅनर लावायचा, दाराशी उभं राहून नावाचे बिल्ले द्यायचे, नवा पाहुणा एकटा बसणार नाही हे बघायचं आणि बरोबर वेळेवर घंटा द्यायची. हे काम त्यांनी २० वर्षांहून अधिक काळ केलं होतं.

ऑनलाइन सभेला नियमांची अडचण नव्हती. सभा कशा आणि कुठे घ्यायच्या याची मोकळीक रोटरीने क्लबांना २०१६ मध्येच दिली होती. अडचण वेगळीच निघाली. पहिल्या सभेला २४ जण, चौथ्या आठवड्यात १६, मेअखेर ११. आम्ही प्रश्नमंजूषा घेऊन पाहिली, गप्पांची संध्याकाळही ठेवली. दोन्ही दोनदाच झालं. दिवसभर पडद्यापुढे काम केलेल्या माणसाला रात्री करमणुकीसाठी पुन्हा तिथेच बसवणं चूक होतं, असं माझं आजही मत आहे.

आजोबा सलग तीन सभांना आले नाहीत. मी हजेरीच्या तक्त्यात तीनदा ‘गैरहजर’ लिहिलं आणि एक ईमेल धाडून दिली. मला याची अजून खंत वाटते. तीन वर्षं ज्यांनी दर गुरुवारी दारात माझी वाट पाहिली, त्यांना फोन करावा हे मला महिनाभर सुचलं नाही. चौथ्या आठवड्यात केला. वाटलं होतं, तब्येत बिघडली असेल किंवा टॅबलेट चालत नसेल. दोन्ही नव्हतं. ते म्हणाले, “खुर्च्या मांडायच्या नाहीत, दार उघडायचं नाही, आणि घंटेचा आवाज तुमच्यापर्यंत पोचत नाही. मग माझं तिथे काय काम?”

फोन ठेवल्यावर मी सभासदांची यादी काढली. एरवी सभेला न येणाऱ्यांची नावं बघताना मी विचारायचे, याला काय झालं असेल? त्या दिवशी विचारलं, याच्याकडे काय काम होतं? उत्तर लख्ख दिसलं. टिकून राहिलेल्या ११ जणांपैकी प्रत्येकाकडे काही ना काही होतं: हिशेब, औषधं पोचवणं, वक्ता ठरवणं. निघून गेलेल्यांकडून आम्ही महिनाभर काहीच मागितलं नव्हतं. त्यांना त्रास नको, म्हणून आपण सांभाळून घेतोय असं आम्हाला वाटत होतं. प्रत्यक्षात आम्ही त्यांना रिकामं केलं होतं.

मग फोनची वर्तुळं केली. आजोबा सोडून आम्ही २८ जण, सात-सात जणांची चार वर्तुळं. सोमवारी सकाळी आजोबा प्रत्येक वर्तुळातल्या पहिल्याला फोन करणार, पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, आणि सातवा परत आजोबांना. प्रत्येक फोनमध्ये एक निरोप पुढे द्यायचा आणि एक प्रश्न विचारायचा. प्रश्न ‘कसे आहात’ हा नसायचा, कारण त्यावर सगळे ‘मजेत’ म्हणून मोकळे होतात. ‘या आठवड्यात गाडी कधी मोकळी आहे’, ‘मोठ्या अक्षरात चार पत्रं लिहून द्याल का’ असं काहीतरी असायचं. खरं बोलणं त्याच्या मागोमाग आपोआप निघायचं. संध्याकाळपर्यंत फोन परत आला नाही, की साखळी कुठे तुटली हे आजोबा शोधून काढत.

त्यांनी एक वही घातली. निळ्या पुठ्ठ्याची, प्रत्येक पानावर एक नाव. एकदा त्यांच्या अंगणाच्या फाटकाबाहेर उभी राहून मी ती पाहिली. ‘जिना चढताना दम लागतो.’ ‘मुलगी परतली, आवाज मोकळा वाटला.’ ‘आज फार पटकन फोन ठेवला. बुधवारी पुन्हा करणे.’

या ‘पटकन फोन ठेवला’मधूनच एक गोष्ट कळली. रोटरीत क्लबाला माणशी वर्गणी सहा-सहा महिन्यांनी, जुलै आणि जानेवारीत, वरच्या संस्थेकडे भरावी लागते. त्यामुळे जूनमध्ये सगळीकडे याद्या तपासल्या जातात आणि राजीनामे येतात. आमच्या एका सभासदाचाही आला, ‘वेळ मिळत नाही’ म्हणून. मी तो मंजुरीसाठी ठेवलाही होता. आजोबांनी खजिनदारांना एवढंच सांगितलं, “यांना या वर्षी वर्गणीची चिठ्ठी पाठवू नका आणि कारण विचारू नका.” नोकरी गेली होती, हे मला पुढे त्या सभासदानेच सांगितलं. वर्षभर ते आमच्यात राहिले, सगळ्यात जास्त औषधाच्या फेऱ्या त्यांनीच केल्या. अशा काळात माणूस पैशाची लाज वाटून जातो आणि कारण वेळेचं देतो. क्लब चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, एवढी माझी मनापासून विनंती आहे.

औषधाच्या फेऱ्या जोडीने व्हायच्या, पण दोन वेगळ्या गाड्यांतून. एकाने पिशवी पायरीवर ठेवायची, मागे सरकायचं, खिडकीतून हात दिसला की निघायचं. मग दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून काचा खाली घ्यायच्या. त्या वर्षातल्या माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या गप्पा अशा दोन खिडक्यांमधून झाल्या. १ जुलैला रोटरीचं वर्ष बदलतं, नवा अध्यक्ष येतो. जुन्या अध्यक्षांनी गळ्यातला अध्यक्षपदाचा पट्टा काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवला, चार पावलं मागे गेल्या. नव्यांनी पुढे होऊन तो उचलला आणि स्वतःच गळ्यात घातला. टाळ्या वाजवायला आम्ही सहा जण होतो.

२५ ऑगस्ट २०२०, मंगळवार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागातून नैसर्गिक पोलिओ विषाणू हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. रोटरी १९८५ पासून या मोहिमेत आहे आणि आमच्या क्लबातल्या कितीतरी जणांनी दर वर्षी तिला पैसे दिलेत. मी क्लबात नवी होते तेव्हा एका बाईंनी मला विचारलं होतं, “भारतातला शेवटचा रुग्ण कधी?” मला सांगता आलं नव्हतं. त्यांना मात्र तारीख पाठ होती: १३ जानेवारी २०११. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला, तेव्हा त्या रडल्या होत्या म्हणे. माझा देश न पाहिलेली ही बाई!

सोमवार नव्हता, तरी आजोबांना फोन करून मी बातमी सांगितली. त्यांनी चारही वर्तुळं फिरवली. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. “चारही परत आले,” म्हणाले, आणि मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

घंटेचं कोडं सप्टेंबरात सुटलं. खजिनदारांच्या नातवाने झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय शोधून काढली. गुरुवारी ठोका पडला आणि तो घणघणत सगळ्यांच्या घरात पोचला. त्या दिवशी चौकटी २७ होत्या.

पुढच्या वर्षी उघड्यावर, लांब लांब खुर्च्या टाकून पुन्हा समोरासमोर भेटू लागलो. आजोबांनी अंतर मोजायला गाठी मारलेली दोरी आणली होती. सभा संपल्यावर मी त्यांना म्हटलं, “आता फोनची वर्तुळं थांबवली तरी चालतील, तुमचा त्रास वाचेल.”

दोरी गुंडाळता गुंडाळता ते थांबले. “आणि जे आज आले नाहीत, ते?”

मी मागे वळून पाहिलं. तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

वर्तुळं अजून चालू आहेत. निळी वही भरली, आता हिरवी आहे. सोमवारी सकाळी साडेनऊला माझा फोन वाजतो.