वर्षअखेर, पाणी आणि गड्डा

डिसेंबरचा शेवट, महापालिकेच्या कामांचा हिशेब मांडायचा दिवस. सोलापुरात पहिला प्रश्न पाण्याचाच! शहराला पाणी देणारं उजनी धरण साधारण 110 किलोमीटरवर. समांतर जलवाहिनीने पाणी जास्त आणता येतं, पण टाक्या अपुऱ्या आणि गल्लीतले जुने पाइप गळके असतील तर नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून अहवालात पाइपची लांबी नको, नळाला पाणी येण्याच्या दोन पाळ्यांतलं अंतर किती घटलं तेवढं बघा. पाणी बंद असताना गळक्या पाइपात बाहेरची घाण ओढली जाते. म्हणून पाणी आलं की पहिल्या दोन बादल्या झाडांना घाला.

आता 12 जानेवारीला, 1931 मध्ये फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना अभिवादन, मग गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. आधी 68 लिंगांना तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता. मिरवणुकीतले नंदीध्वज, म्हणजे खांद्यावर नेल्या जाणाऱ्या सजवलेल्या काठ्या, उंच असतात. मार्गावरच्या लोंबत्या वायरी, खड्डे आत्ताच फोटोसह महापालिकेच्या झोन ऑफिसला कळवा.