इम्प्लांट सरकारीत करायचं की प्रायव्हेटला?
शुगरने वाट लावली, गोळ्या झाल्या इंजेक्शनं झाली, आता पेनाईल इम्प्लांटच, म्हणजे ताठरपणासाठी ऑपरेशन करून लिंगात बसवायचं साधन. सरकारीत बेड आणि ऑपरेशन जवळपास फुकटात होतं पण इम्प्लांट बहुतेक वेळा आपणच विकत आणायचं, त्यात पंपवालं लाखांत जातं आणि वाकवायच्या सळ्यांचं देशी बनावटीचं त्यामानाने बरंच स्वस्त. वर ओपीडीत पडद्याआड चार शिकाऊ डॉक्टरांसमोर पँट सोडायची, असो, लाज कधीच गेली. प्रायव्हेटवाले गोड बोलतात, एसी रूम दाखवतात, मी एकच विचारतो, तुम्ही स्वतः अशी किती केलीत? कारण इन्फेक्शन झालं तर बहुतेकदा सगळं काढावं लागतं. सध्या कल सरकारीतल्या युरोलॉजीच्या सरांकडे आहे, बायको म्हणते आधी शुगर खाली आणा मग बघू.