माहीत नसलेल्या बोल्टांचा डबा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्यामुळे जुलै सरत आला की होड्या तयार करण्यात मालवणकडे आम्हा फिटर लोकांना जेवायला उसंत नसते. तरी त्या दिवशी मी एका काकांच्या पडवीत हत्यारं लावून देत होतो, कारण शब्द दिला होता.

काका मुंबईहून निवृत्त होऊन गावी आलेले. पडवीतलं वर्कशॉप गेल्या वर्षी कुणा शहरी माणसाने लावून दिलेलं. भोकाभोकांचा हार्डबोर्ड थेट चिऱ्याच्या भिंतीला ठोकलेला, ड्रॉवरमध्ये फोम कापून पटाश्या बसवलेल्या. एका पावसात हार्डबोर्ड फुगला, आणि मी पटाशी उचलली तर गंजाला चिकटून फोमचा तुकडाही वर आला. चिरा पावसाळाभर ओल धरून असतो. शिवाय आमच्या हवेत मीठ. आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की लोखंडावर बसलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून आपोआप विरघळतं. त्याला पाऊस लागत नाही. फोटो बघून वर्कशॉप मांडणाऱ्यांना याची कल्पनाच नसते. मी फोम काढून टाकला, बोर्डामागे रिपा मारून वाऱ्याला जागा केली, हत्यारांना तेलाचा हात दिला.

मग बोल्टांकडे वळलो. पारदर्शक डबे, छापील चिठ्ठ्या, जाडी आणि लांबीप्रमाणे ओळीने लावलेले. काकांचा त्या डब्यांवर जीव. मी उघडायच्या आतच शेजारचा होडीवाला आला.

"काकानू, सुकाणाक दोन बोल्ट होये."

काकांनी क्षणात '१० एमएम, ६० लांब' काढून दिले. चकचकीत. माझ्या हातात चुंबक होतं, सहज लावलं. एकाला लागलंच नाही, दुसऱ्याला खटकन चिकटलं. एक स्टेनलेस, दुसरा साधा, झिंक चढवलेला. नवे असताना दोन्ही सारखेच चमकतात. खाऱ्या पाण्यात झिंक निघून जायला वेळ लागत नाही, आणि सुकाण किनाऱ्यावर तुटत नाही.

सगळे डबे चटईवर ओतले. डोक्यावरचा शिक्का वाचायचा: ८.८ म्हणजे स्टेनलेस नसलेलं पोलाद, ए२ म्हणजे ३०४ जातीचं स्टेनलेस, ए४ म्हणजे ३१६ जातीचं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, म्हणून समुद्रात तोच त्यातल्या त्यात टिकतो. चुंबकाला ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही, तिथे शिक्काच बघावा लागतो. त्यात तीन सुताचे, म्हणजे ३/८ इंची, जुने बोल्टही १० एमएमच्या डब्यात निघाले. तीन सुताला इंचाला १६ आटे, म्हणजे दोन आट्यांत १.५९ मिमी अंतर, १० एमएमला १.५. त्यामुळे १० एमएमचा नट तीन सुतावर चढतो, पण ढिला. हाताला वाटतं बसला, आणि इंजिनाच्या थरथरीने तो सुटतो. मी पिच गेज, म्हणजे आट्यांतलं अंतर मोजायची पट्टी, लावून एकेक वेगळा केला. आधी धातू, मग आटा, लांबी शेवटी. किनाऱ्यावर दुसरा क्रम मला मान्य नाही.

शिक्का नसलेले बरेच उरले. त्यांच्यासाठी मी पत्र्याचा एक डबा घेतला आणि खडूने लिहिलं, 'माहीत नाही'.

काकांना तो डबा आवडला नाही. "मिस्त्री, ही ओळ किती छान दिसत होती. हे कशाला मध्ये?"

मी म्हटलं, "काका, यातले बोल्ट दाराच्या कडीला लावा, फाटकाला लावा. होडीला एकही द्यायचा नाही."

ते गप्प झाले. मग म्हणाले की वर्षभरात मागेल त्याला त्यांनी बोल्ट दिलेत, पैसे न घेता. माणूस मनाचा मोठा, त्यांच्यावर राग कसा धरायचा? राग आला तो दुकानदाराचा. दोन्ही माल एकाच पाटीत टाकून स्टेनलेसच्या भावाने विकतात, आणि गिऱ्हाईक चुंबक घेऊन येत नाही.

आठवतील ती नावं काकांनी कागदावर लिहिली. संध्याकाळी त्यातल्या एका होडीचा बोल्ट मी खोलला. बाहेरून डोकं ठीक होतं, पण लाकडातला भाग तांबडा पडून मधे बारीक झालेला. होडीवाला म्हणाला, "ह्यो हंगाम निघात मा?" मी उत्तर न देता ए४ चा घातला.

यादीतले बाकीचे सापडले. एक माणूस खाडीपलीकडचा होता, चार बोल्ट घेऊन गेलेला. त्याचं नाव काकांना आठवत नाही. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. काका अजून बंदरावर येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात.