स्क्रिप्ट म्हणाली ‘झालं’, आणि मी कार्ड पुसलं

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा लग्नाच्या शूटिंगचा छोटा स्टुडिओ आहे. कॅमेऱ्यातल्या फायली लहान करायचं काम उबुंटूवरची (ही लिनक्सची एक आवृत्ती) एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं लिहून ठेवलेल्या कमांडची फाइल, करते; आत व्हिडिओ बदलणारा एफएफएमपेग हा प्रोग्रॅम. दोन-अडीच तास जातात. तोवर सारखं टर्मिनलमध्ये डोकावायचा कंटाळा आला, म्हणून स्क्रिप्ट चालवायच्या ओळीतच पुढं अर्धविराम टाकून नोटिफाय-सेंड, म्हणजे पडद्यावर पाटी दाखवणारी कमांड, लिहिली. (कमांड सापडली नाही तर लिबनोटिफाय-बिन हे पॅकेज टाका.) पडद्यावर पाटी आली, ‘झालं’. मी खूश. कार्ड फॉरमॅट केलं आणि मिसळ खायला गेलो.

दुसऱ्या दिवशी एडिटिंगचा पोरगा म्हणाला, “दादा, हळदीची क्लिपच नाही की!”

शूटिंग चालू असताना बॅटरी गेली होती, त्यामुळं ती फाइल अर्धवट राहिलेली. एफएफएमपेगनं ‘मूव्ह ॲटम’ (फायलीतली व्हिडिओची अनुक्रमणिका) सापडत नाही म्हणून ती सोडून दिली. अर्धविरामाला काय, मागचं काम जमलं काय नि बोंबललं काय, पुढची कमांड चालणारच. नशीब, दुसऱ्या कॅमेऱ्यात हळद होती.

मग मागच्या कमांडचा निकाल सांगणारं डॉलर-प्रश्नचिन्ह तपासायला लागलो. ० म्हणजे यश, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे गडबड. माझ्याकडं सदा ०च! कारण तपासणीच्या आधी मी हौसेनं एक इको (पडद्यावर मजकूर छापणारी कमांड) घातला होता, आणि मिळत होता तो त्या इकोचा निकाल. इको काढला. मुद्दाम एक खराब फाइल घालून बघितली, तरी ०. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. लूपचा, म्हणजे एकेक फाइल घेऊन तेच काम पुन्हा करणाऱ्या भागाचा, निकाल म्हणजे शेवटच्या फेरीचा निकाल. मधली फाइल फसली तरी शेवटची नीट झाली की सगळं आलबेल. आता प्रत्येक फायलीनंतर तपासतो, फसलेलीचं नाव व्हेरिएबलमध्ये साठवतो आणि तेच पाटीवर दाखवतो. काही फसलं असेल तर पाटी ‘क्रिटिकल’ दर्जाची, म्हणजे मी बंद करेपर्यंत हलत नाही.

स्क्रिप्ट रात्री ११ला क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) टाकली, तर पाटीच गायब. क्रॉनला आपल्या डेस्कटॉपचा पत्ता नसतो. डीबस, म्हणजे प्रोग्रॅमचे निरोप एकमेकांना पोचवणारी यंत्रणा, तिच्या सेशन ॲड्रेसचं व्हेरिएबल स्क्रिप्टच्या सुरुवातीला एक्स्पोर्ट केलं. त्यात रन, युजर, १०००, बस असा मार्ग येतो. १००० हा माझा युजर नंबर, तुमचा वेगळा असू शकतो. लॉगिन मात्र चालू ठेवावं लागतं.

परवा सकाळी स्टुडिओ उघडला तर पाटी वाट बघत होती: ‘३८ पैकी ३७. फसली: वरात ३’. कार्ड अजून कॅमेऱ्यातच होतं.